थैली आणि आखीव पत्रिका

उपदेश संपला आणि पेटीवर पुढच्या गीताचा सूर लागला की थैल्या फिरू लागतात. मखमली कापडाची, लाकडी दांड्याची थैली एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकत जाते. मूठ बंद ठेवून हात आत घालायचा, आतच मूठ उघडायची आणि हात बाहेर काढायचा, अशी रीत. दहाची नोट पडली की पाचशेची, हे शेजाऱ्याला कळता कामा नये. आजीने मला ही रीत शिकवली तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा असेन. पदराची गाठ सोडून ती चार आणे माझ्या तळहातावर ठेवायची आणि कानात सांगायची, "मूठ झाकून टाक बापा. देवाले दिसते, लोकायले दिसू नये."

उपासना आटोपली की त्याच थैल्या वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीतल्या, टेबलावर उलट्या होतात. नागपुरातल्या आमच्या मराठी मंडळीत हे काम एक खजिनदार काका कितीतरी वर्षे करत आले आहेत. ते एकटे कधीच मोजत नाहीत. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, मग बेरीज, मग वहीत नोंद, आणि नोंदीखाली दोन सह्या. दुसरी सही करायला कोणी मिळाले नाही तर ते पैसे थैलीतच बांधून ठेवतात आणि कोणी येईपर्यंत बाकावर बसून राहतात. पुढच्या रविवारी जाहीर सूचनांमध्ये पाळक सांगतात, की मागील रविवारचे अर्पण इतके, मासिक वर्गणी इतकी, उपकारस्तुतीचे दान इतके. नातू झाला म्हणून कोणी एकशेएक दिले असतील तर तेही सांगितले जाते.

या लेखासाठी मी काकांकडे गेलो तेव्हा त्यांनी मागच्या वह्या काढून दाखवल्या. एकही पान कोरे नव्हते, एकही आकडा गिरवलेला नव्हता. मग मी विचारले, "काका, आवाराच्या जमिनीचं काय? भाडं किती येतं, करार कोणाशी आहे, कागदावर नाव कोणाचं आहे?"

काकांनी वही मिटली. "ते वरून पाहतात जी. आपल्याकडे त्याचा कागद नसते."

काकांना कोणी फसवलेले नाही. ते फक्त व्यवस्था कशी चालते ते सांगत होते. पण त्या एका उत्तरापाशी मी बरेच महिने अडकून राहिलो. मंडळीने मुठीने दिलेल्या पैशाची नोंद रुपयापर्यंत चोख आहे. आधीच्या पिढ्यांनी दिलेल्या आणि आज कोट्यवधींच्या झालेल्या जमिनीचा हिशेब मात्र त्याच मंडळीच्या कानावर पडत नाही. असे का झाले, हे शोधायला नागपूरइतके योग्य गाव नाही.

नागपुरात ख्रिस्ती पैसा दोन वाटांनी आला. एक वाट सरकारी तिजोरीतून. १८२१मध्ये कामठीला इंग्रजांची छावणी पडली. गोऱ्या सैनिकांसाठी, पुढे सिव्हिल लाइन्समधल्या अधिकाऱ्यांसाठी चॅप्लन, म्हणजे सरकारी पाळक, आले आणि त्यांचे पगार हिंदुस्थानच्या महसुलातून जात. सदरमधले आजचे ऑल सेंट्स कॅथेड्रल त्याच जगातले. १८५१मध्ये उभ्या राहिलेल्या लहान चर्चचा विस्तार पुढे जी. एफ. बॉडली या नामांकित इंग्रज वास्तुशिल्पीच्या आराखड्याने झाला. १९०३मध्ये आयर चॅटर्टन नागपूरचे पहिले अँग्लिकन बिशप झाले. हे चर्च आणि सरकार यांची कायद्याने फारकत झाली ती १ मार्च १९३० रोजी, १९२७च्या इंडियन चर्च कायद्यानुसार. तोवर बुलढाण्याच्या शेतकऱ्याचा शेतसारा आणि कामठीच्या चॅप्लनचा पगार एकाच तिजोरीत भेटत होते.

दुसरी वाट स्कॉटलंडहून आली आणि तिची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये फूट पडली. गावचा पाळक मंडळीने निवडायचा की तिथल्या जमीनदाराने नेमायचा, हा वाद होता. साडेचारशेहून अधिक पाळकांनी एका झटक्यात पगार सोडला, राहती घरे सोडली, चर्चच्या इमारती सोडल्या. थॉमस चाल्मर्स हे त्यांचे पुढारी. आता या सगळ्यांना जगवायचे कसे? चाल्मर्सनी हिशेब मांडला, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. ती सगळी एका मध्यवर्ती निधीत जमा व्हावी आणि तिथून प्रत्येक पाळकाला सारखा वाटा मिळावा, मग त्याची मंडळी शहरातली श्रीमंत असो की डोंगरातली गरीब. हिंदुस्थानातले मिशनरीही या नव्या फ्री चर्चला मिळाले. कलकत्त्यात अलेक्झांडर डफना कॉलेजची इमारत, ग्रंथालय, उपकरणे सगळे मागे ठेवून बाहेर पडावे लागले.

त्याच फ्री चर्चचा स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये नागपूरला पोहोचला. वय सत्तावीस. नागपूर अजून भोसल्यांचे होते. राज्य खालसा व्हायला आठ-नऊ वर्षे अवकाश होता. या मिशनला पहिला आधार मिळाला तोही एका माणसाच्या दानाचा. मद्रास फौजेतले कॅप्टन हिल यांनी पत्नीच्या पश्चात या भागात मिशन काढावे म्हणून रक्कम देऊ केली होती. हिस्लॉपने शाळा काढली, मराठी शिकला, गोंडांच्या चालीरीती आणि बोली टिपून ठेवल्या, रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत नागपूरच्या आसपासचे दगड आणि जीवाश्म गोळा केले. टाकळीजवळ सापडलेल्या हिरव्या खनिजाला आज हिस्लॉपाइट म्हणतात. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या नाल्यात तो बुडाला. कॉलेजला त्याचे नाव मिळाले ते १८८३मध्ये.

हिस्लॉपच्या शाळेचा खर्च चालवणाऱ्या पैशात आठवड्याला एक पेनी देणाऱ्या विणकरांच्या, मोलकरणींच्या हातचे काही होते. ते लोक नागपूर कधी पाहणार नव्हते. सीताबर्डीकडचे म्यूर मेमोरियल रुग्णालयही स्कॉटिश मिशनमधल्या स्त्रियांच्या कष्टातून उभे राहिले. या जमिनीकडे आणि विटांकडे पाहताना मला आजीच्या पदराची गाठ आठवते, ती यासाठी.

पण त्याच फ्री चर्चच्या माथी एक डागही आहे, आणि तो झाकून पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही. इमारती सोडून आलेल्या या चर्चला नव्या इमारती बांधायच्या होत्या. १८४४मध्ये तिचे प्रतिनिधी अमेरिकेत गेले आणि गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांतूनही वर्गणी घेऊन आले, सुमारे ३,००० पौंड. १८४६मध्ये स्वतः गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस स्कॉटलंडभर सभा घेत फिरले. पैसे परत पाठवा, एवढीच मागणी. ती घोषणा भिंतींवर रंगवली गेली, तिची गाणी झाली. चर्चने पैसे परत पाठवले नाहीत. गरिबाच्या पेनीवर उभी राहिलेली, जमीनदाराला नकार दिलेली मंडळी गुलामांच्या मालकाला नकार देऊ शकली नाही. पैसा कोठून आला, हे विचारायचे बळ मंडळीत फार काळ टिकत नाही, हे तेव्हाच दिसले होते. इंग्लंडच्या चर्चला हा प्रश्न स्वतःला विचारायला आणखी पावणेदोनशे वर्षे लागली. १७०४मध्ये गरीब पाळकांसाठी काढलेल्या राणी ॲनच्या निधीतला पैसा गुलामांचा व्यापार करणाऱ्या साउथ सी कंपनीत गुंतवला होता, हे तपासून त्या चर्चच्या आयुक्तांनी जानेवारी २०२३मध्ये १० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. उशीर झाला. तरी हिशेबाची जुनी वही उघडली गेली.

सरकारी तिजोरीची वाट आणि पेनीची वाट नागपुरातच एक झाल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात उत्तर भारतीय चर्च, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो ते सीएनआय, अस्तित्वात आले. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा मंडळ्या एक झाल्या. स्कॉटिश मिशनची मंडळी युनायटेड चर्चमधून आली. या ऐक्याची बोलणी १९२९च्या लखनौ परिषदेपासून सुरू होती, म्हणजे चाळीस वर्षांची. बाप्तिस्मा लहान बाळाला द्यायचा की मोठे झाल्यावर, बिशप असावा की नसावा, प्रभुभोजन कोणी वाढायचे, या प्रश्नांवर विद्वान माणसे चार दशके बोलली आणि त्यांनी खरोखर मार्ग काढला. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र १९७०च्याच ऑगस्टमध्ये बाहेर पडले. ऐक्याच्या दिवशी मांडवात हजर असलेल्या वडीलधाऱ्यांकडून मी लहानपणी ऐकले आहे, की लोक रडत होते आणि एकमेकांना मिठ्या मारत होते.

विश्वास एका दिवसात एक झाला. जमीन झाली नाही.

सहा मंडळ्यांची मालमत्ता वेगवेगळ्या विश्वस्त संस्थांच्या, कंपन्यांच्या, सोसायट्यांच्या नावे होती. ऐक्याचा ठराव झाला म्हणून ती आपोआप नव्या चर्चची झाली, असे अनेकांनी धरून चालले. गुजरातेत ब्रदरन मंडळीतले काही लोक या ऐक्यातून परत फिरले आणि मालमत्तेचा दावा कोर्टात गेला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला. सप्टेंबर २०१३मध्ये विनोदकुमार मालविया विरुद्ध मगनलाल गामेती या प्रकरणात निकाल लागला. मंडळ्यांनी ठराव करून एक होणे ही एक गोष्ट आणि विश्वस्त संस्थेची मालमत्ता एकत्र करणे ही दुसरी. दुसरीसाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातली रीत पाळावीच लागते, नुसता ठराव पुरत नाही. ऐक्याला तेव्हा त्रेचाळीस वर्षे होत आली होती.

हा कायदा मुंबई राज्याचा, १९५०चा. आज तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणून ओळखला जातो. ख्रिस्ती वाचकांनीसुद्धा तो फारसा पाहिलेला नसतो, म्हणून थोडे थांबतो. देऊळ असो, मशीद असो की चर्च, विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल तर तिचे हिशेब लिहून तपासून घ्यावे लागतात. विश्वस्त बदलले तर चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. कलम ३६ प्रमाणे स्थावर मालमत्ता विकायची, बक्षीस द्यायची किंवा अदलाबदल करायची तर धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. भाडेपट्टासुद्धा शेतजमिनीचा दहा वर्षांहून आणि इतर जमिनीचा वा इमारतीचा तीन वर्षांहून अधिक असेल तर परवानगी हवी. केरळात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या आयोगाने २००९मध्ये चर्चच्या मालमत्तेसाठी कायद्याचा मसुदा सुचवला, तेव्हा तिथे मोठा विरोध झाला. महाराष्ट्रात तशी चौकट सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपासून आहे. तिचा उपयोग करून प्रश्न विचारणारे लोक बाकांवर हवेत.

नागपुरात यात आणखी एक गुंता आहे, तो नझूलचा. सिव्हिल लाइन्स, सदर या भागांतली बरीच जुनी जमीन सरकारची, पट्ट्याने दिलेली. पट्ट्याची मुदत असते, कशासाठी वापरायची याच्या अटी असतात, नूतनीकरणाच्या तारखा असतात. गावात सातबारा, तसा आपल्या विदर्भातल्या शहरांत आखीव पत्रिका हा कागद. त्यावर धारक कोण, पट्टा कधी संपतो, हे लिहिलेले असते. ती कोणालाही अर्ज करून, फी भरून मिळते. काकांना मी हे सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. म्हणाले, "म्हणजे आपल्यालेही मिळू शकते?"

मिळू शकते. मंडळीतल्या कोणालाही मिळू शकते. आवाराची आखीव पत्रिका काढून तिची प्रत सूचना फलकावर लावणारी मंडळी मला अजून भेटायची आहे.

देशात सरकारखालोखाल सर्वाधिक जमीन चर्चकडे आहे, असे वाक्य दर काही महिन्यांनी वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर फिरते. ती मोजणी कोणी केली, असे विचारले की उत्तर येत नाही. चर्च नावाची एकच संस्था देशात नाही, शेकडो आहेत. त्यांची एकत्र नोंद ठेवणारा एकही दफ्तरखाना नाही. त्या वाक्यामागे बहुधा आस्था नसते, संशय पेरायचा असतो, आणि त्यामुळे आमच्यातले अनेकजण मालमत्तेचा विषय निघाला की दार लावून घेतात. बाहेरचे टपलेले असताना घरातली भांडणे कशाला, असे म्हणतात. मला हे पटत नाही. बाहेरच्याच्या खोट्या आकड्याला उत्तर एकच, आपला खरा आकडा. तो आपल्याकडेच नसेल तर आपण बोलणार कशाच्या बळावर?

सप्टेंबर २०२२मध्ये सीएनआयच्या तेव्हाच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्याला मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने नागपूर विमानतळावर अटक केली. जबलपूरच्या शाळांमधला विद्यार्थ्यांच्या फीचा पैसा दुसरीकडे वळवल्याचा आरोप होता आणि घराच्या झडतीत दीड कोटीहून अधिक रोकड मिळाल्याचे पोलिसांनी सांगितले. आरोप खरे की खोटे ते ठरवणे कोर्टाचे काम. पण ज्या शहरात या चर्चचा जन्म झाला, त्याच शहराच्या विमानतळावर तिच्या प्रमुखाला पोलिसांनी ताब्यात घ्यावे, हे पाहून माझ्यासारख्याला त्या रात्री झोप लागली नाही. त्या रविवारीही थैल्या फिरल्या. काकांनी मोजल्या. दोन सह्या झाल्या.

परदेशी पैशाची वाट आता अरुंद झाली आहे. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर ही देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यावी लागते, प्रशासनावर वीस टक्क्यांपेक्षा अधिक खर्च करता येत नाही आणि ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. एप्रिल २०२४मध्ये सीएनआयच्या समाजसेवा मंडळाचा आणि दुष्काळ-भूकंपात धावून जाणाऱ्या कासा या संस्थेचा परदेशी देणगीचा परवाना रद्द झाल्याची बातमी आली. काही चांगली कामे त्यात बंद पडली, याचे दुःख आहे. म्हणजे उरली ती वाडवडिलांनी ठेवलेली जमीन, आणि थैली.

अशा वेळी मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. ख्रिस्ती होण्याआधी ते नागपुरात होते. अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने वैदिक ग्रंथांचे काम करत होते, 'ऋषी' नावाचे मासिक चालवत होते. राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका अनोळखी प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, तोही याच भागातल्या प्रवासात. १८९५मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे बावीस वर्षे ते अमेरिकन मराठी मिशनशी बांधलेले राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचले तर कळते, की या माणसाच्या हातात पैसा टिकतच नसे आणि घर चालवताना बाईंची किती ओढाताण होई. १९१७मध्ये, आयुष्याची दोनच वर्षे उरली असताना, टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. परक्या पैशावर पोसलेला ख्रिस्त हिंदी माणसाला आपला वाटणार नाही, असे त्यांना वाटत होते. घरात चूल पेटवायची जबाबदारी शेवटपर्यंत लक्ष्मीबाईंवरच राहिली. टिळकांच्या त्या निर्णयापुढे मी मान झुकवतो, आणि त्याची किंमत कोणी भरली, हेही विसरू शकत नाही.

उपदेशात पैशाचा विषय आला की गरीब विधवेची गोष्ट हमखास येते. मंदिराच्या पेटीत श्रीमंतांनी पुष्कळ टाकले, तिने दोन टोल्या टाकल्या, आणि तिचेच दान मोठे ठरले. ही गोष्ट सांगून दशांशाची आठवण करून दिली जाते. पण मार्काच्या शुभवर्तमानात ती गोष्ट जिथे आहे, तिथे आधीच्या आणि नंतरच्या ओळी वाचाव्यात. आधी येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कोरडे ओढतो. नंतर, मंदिराच्या भव्य दगडांकडे बोट दाखवणाऱ्या शिष्यांना तो सांगतो, की यातला एकही दगड जागेवर राहणार नाही. ती विधवा या दोन्हींच्या मधोमध उभी आहे. तिचे कौतुक वाचायचे आणि त्या पेटीचा कारभार पाहणाऱ्यांवरचा राग वगळायचा, असे वाचन मी आयुष्यभर ऐकले. मराठी बायबलात कारभारी हा शब्द आहे, साधा, गावातला. कारभारी मालक नसतो आणि एक दिवस त्याला हिशेब मागितला जातो.

मागच्या कापणीच्या सणाला मी मुद्दाम लवकर गेलो. वेदीपुढे वांगी, मुळे, तुरीच्या शेंगा, लाल भोपळा, काटोलकडून कोणी आणलेली संत्र्याची टोपली, घरचे लोणचे, पायांना सुतळी बांधलेली एक कोंबडी. उपासनेनंतर बाहेर कडुलिंबाखाली लिलाव सुरू झाला. संत्र्याची टोपली साडेतीनशेला गेली. घेणाऱ्याने पैसे भरले आणि टोपली परत टेबलावर ठेवली: "पुन्हा बोला." ती दुसऱ्यांदा चारशेला गेली आणि पुन्हा टेबलावर आली. तिसऱ्यांदा घरकाम करणाऱ्या एका मावशींनी दोनशेची बोली लावली. तेव्हा कोणीच पुढची बोली केली नाही. सगळ्यांना कळले होते, की मावशींच्या घरी तीन नातवंडे आहेत. टोपली त्यांच्याकडे गेली.

संध्याकाळी वेस्ट्रीत काका पैसे लावत बसले होते. सोबतीला येणारे गृहस्थ आजारी होते. मी समोर बसलो आणि नाणी वेगळी करू लागलो. बेरीज झाली, काकांनी वहीत लिहिले: संत्री, टोपली एक, तीन वेळा, एकूण ९५०. खाली सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"दुसरी सही तुम्ही करा जी."

मी सही केली. मग काकांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. भूमापन कार्यालयाचा अर्ज होता. आखीव पत्रिकेच्या नकलेसाठी. नाव, पत्ता, शीट क्रमांक, सगळे त्यांनी त्यांच्या वळणदार अक्षरात भरले होते. फक्त अर्जदाराच्या सहीची जागा रिकामी होती.

"म्हटलं, एकट्यानं करू नये," काका म्हणाले.